बरोबरीच्यांच्या चर्चेतून व्यवस्थापक घडवताना: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले सुपरवायझर, टॉवेल कारखान्यांचे प्रॉडक्शन मॅनेजर, पतसंस्थांचे शाखाधिकारी, रुग्णालयांचे प्रशासक, शाळांचे मुख्याध्यापक अशा मंडळींचे चर्चागट चालवताना काही प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. गट सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आणि गटात येऊ की नको या विचारात असलेल्यांसाठी त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

या गटात नेमकं होतं काय?

सहा ते आठ व्यवस्थापक महिन्यातून एकदा दोन-अडीच तास बसतात. एक जण आपल्या कामातलं चालू, अजून न सुटलेलं प्रकरण मांडतो. बाकीचे त्याला आधी फक्त प्रश्न विचारतात, सल्ला देत नाहीत. उठण्याआधी तो सांगतो की पुढच्या बैठकीपर्यंत मी अमुक एक गोष्ट करणार. पुढच्या महिन्यात आधी त्याचं काय झालं ते ऐकायचं आणि मगच नवं प्रकरण घ्यायचं.

प्रकरणं माणसांची असतात. नवीन पद्धत आणली आणि जुने लोक गप्प झाले. दोन पाळ्यांचे सुपरवायझर एकमेकांशी बोलत नाहीत. मालकाच्या मुलाने कारभार हाती घेतला आणि वडिलांच्या काळातले लोक अजून वडिलांनाच विचारतात. संघटनेत माणसं अशी का वागतात आणि बदल येतो तेव्हा काय होतं, हे समजून घेण्यासाठी याहून चांगला अभ्यासक्रम नाही.

पद्धत जुनी आहे. रेग रेव्हन्स हा केंब्रिजचा भौतिकशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळात शिक्षणाचं काम बघायला लागला. खाणींच्या व्यवस्थापकांना वर्गात बसवण्याऐवजी त्यांनी एकमेकांच्या अडचणींवर एकत्र बसून काम करावं, असा आग्रह त्याने धरला. शिकणं म्हणजे आधीपासून तयार असलेलं ज्ञान आणि त्यात नेमक्या प्रश्नाची भर, असं त्याचं सूत्र होतं. पुढे त्याने लंडनच्या रुग्णालयांतही याच वाटेने काम केलं.

पुण्याहून चांगला ट्रेनर बोलावून दोन दिवसांचं शिबिर घेतलं तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही. माहितीसाठी व्याख्यान उत्तमच. पण वागणं बदलायचं असेल तर त्याचा जोर कमी पडतो, आणि हे 1940 च्या दशकापासून ठाऊक आहे. युद्धकाळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. घरोघरी काळीज, मूत्रपिंड असे नावडते भाग शिजवले जावेत अशी सरकारची इच्छा होती. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनने गृहिणींचे काही गट केले. काही गटांना पोषणावर व्याख्यान दिलं, काही गटांना आपसात चर्चा करून निर्णय घ्यायला सांगितलं. नंतर विचारणा केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी साधारण 3 टक्के बायकांनी ते पदार्थ केले होते. चर्चेनंतर हात वर करून निर्णय घेतलेल्या गटांतल्या 32 टक्के बायकांनी केले होते. माहिती दोन्हीकडे तीच होती. चारचौघांत स्वतः बोललेलं आणि ठरवलेलं मात्र एकीकडेच होतं.

शिबिरात 'बदलाचं नेतृत्व' या विषयावर टाळ्या पडतात. सोमवारी सकाळी खात्यात शिरल्यावर समोर तोच जॉबर (मागांकडे बघणारा मुकादम), तेच रजिस्टर आणि तोच मालकाचा फोन असतो. त्या क्षणी आपण काय करतो, याची चर्चा शिबिरात होत नाही.

पण बाहेरच्याच माणसांशी का बोलायचं? कारखान्यात बोलता येत नाही का?

सोलापूरपुरतं सांगायचं तर बहुतेकदा नाही. इथे 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल होती, नंतर आणखी मोठ्या मिल आल्या. मिलमध्ये एकाच हुद्द्याची अनेक माणसं असत. एका खात्याचा मास्तर दुसऱ्या खात्याच्या मास्तराशी जेवणाच्या सुट्टीत बोलायचा. मिल बंद पडल्या आणि काम यंत्रमागांच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत विखुरलं. आज टॉवेलच्या किंवा गणवेशाच्या कारखान्यात मॅनेजर एकच असतो. वर मालक, खाली कामगार, मध्ये तो एकटा. मालकाला अडचण सांगितली तर 'याला जमत नाही' असा अर्थ निघतो आणि कामगारांपुढे सांगितली तर वचक जातो. घरी सांगायची सोय नसते, कारण तिथे 'नोकरी सोडू नका' एवढंच ऐकायला मिळतं.

मला वाटतं, आपल्या शहरातल्या मधल्या फळीची खरी उणीव ज्ञानाची नाही. तिला बरोबरीचं माणूस मिळत नाही. म्हणून गट बाहेर बांधावा लागतो.

प्रकरण कसं मांडायचं? प्रेझेंटेशन लागतं का?

नाही. एक पान पुरे, पण ते पान प्रामाणिक हवं. आम्ही त्यासाठी संघटनांतल्या शिकण्याचे अभ्यासक ख्रिस अर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांची डाव्या रकान्याची रीत वापरतो. कागदाचे उभे दोन भाग करायचे. उजवीकडे त्या दिवशी प्रत्यक्ष झालेला संवाद लिहायचा, जितका आठवेल तितका. डावीकडे त्या त्या वेळी मनात आलेलं पण न बोललेलं लिहायचं.

एका शाखाधिकाऱ्याचा कागद त्याच्या परवानगीने थोडा बदलून देतो. उजवीकडे होतं: "मामा, थकबाकीची यादी आज देता का?" "देतो ओ साहेब, चाललंय." "बरं, सावकाश करा." आणि डावीकडे: "तीनदा मागून झाली. वडिलांच्या ओळखीचे आहेत. कडक बोललो तर संध्याकाळपर्यंत घरी फोन. शिवाय नवीन सॉफ्टवेअर त्यांना येत नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, बोलणार कोण?"

गटातल्या एका मुख्याध्यापिका बाईंनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "सावकाश करा असं तुम्हीच म्हणालात ना?" खोलीत कुणी काही बोललं नाही. ते दोन शब्द त्याने सौजन्य म्हणून वापरले होते आणि मामांनी ते परवानगी म्हणून घेतले होते. सॉफ्टवेअर शिकवण्याची सोय करायला हवी हे तर डाव्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

अर्गिरिसचं म्हणणं असं, की आपण कसे वागतो असं आपण सांगतो ते एक, आणि खरोखर वागतो ते दुसरं. या दोहोंतलं अंतर आपलं आपल्याला दिसत नाही. कागदावर आलं की ते दुसऱ्याला दिसतं आणि मग आपल्यालाही दिसायला लागतं.

सल्ला द्यायला मनाई का? अनुभवी माणसं बसलेली असताना हा वेळेचा अपव्यय नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवीन सदस्य विचारतो, आणि सल्ल्याची घाई मलाही समजते. आपल्याकडे अडचण ऐकून गप्प बसणं म्हणजे आपुलकी नसल्यासारखं वाटतं. तरीही पहिला तास फक्त प्रश्नांचा, हा नियम सोडू नये.

सल्ला देणारा त्याच्या कारखान्याबद्दल बोलत असतो. त्याचा मालक वेगळा, माणसं वेगळी, पगाराचा दिवस वेगळा. शिवाय सल्ला मिळाला की मांडणारा बचावाला उतरतो. "ते करून बघितलं", "आमच्याकडे चालत नाही". प्रश्नाला बचाव करता येत नाही, उत्तर शोधावं लागतं. मात्र प्रश्नाच्या वेषातला सल्ला ओळखायला शिका. "तुम्ही त्याला नोटीस का देत नाही?" हा प्रश्न नाही. "नोटीस दिली तर दुसऱ्या दिवशी खात्यात काय होईल?" हा प्रश्न आहे.

शेवटची वीस मिनिटं अनुभवासाठी राखून ठेवा. त्यातही "तुम्ही असं करा" याऐवजी "माझ्याकडे असं झालं होतं" एवढंच.

एखादं प्रकरण सविस्तर सांगाल का?

एका टॉवेल कारखान्यात जुन्या मागांच्या जागी रॅपियर (धोट्याविना चालणारे) माग आले. प्रॉडक्शन मॅनेजरने प्रकरणाला नाव दिलं होतं 'कामगारांचा बदलाला विरोध'. तक्रार मुख्यतः एका तेलुगूभाषक वयस्क जॉबरबद्दल होती. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा नवीन मागाला हात लावत नाहीत, विचारलं तर "मला काय कळतंय त्यातलं, साहेब" म्हणतात, आणि आयटीआय झालेली नवीन मुलं त्यांच्या आसपास टिकत नाहीत.

प्रश्न सुरू झाले. अण्णांना नवीन माग येणार हे कधी कळलं? ट्रकमधून उतरताना. जागा कुणी ठरवली? मालक आणि मशिन विकणारी कंपनी. पूर्वी माग बंद पडला की विणकर कुणाकडे जायचा? अण्णांकडे. आता? कंपनीच्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉल. कॉल कोण लावतं? आयटीआयचा मुलगा. मग एका रुग्णालयाच्या प्रशासकाने विचारलं, "दिवसभरात अण्णांकडे आता कोण येतं?"

मॅनेजर बराच वेळ विचार करत होता. "चहाच्या वेळी येतात," तो म्हणाला.

मग आम्ही सिद्धांताकडे वळलो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मेरियन गावी हारवूड नावाच्या कंपनीचा पायजमे शिवायचा कारखाना होता. कामाची पद्धत आणि दर बदलला की उत्पादन पडायचं आणि बायका काम सोडायच्या. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी 1948 मध्ये तिथला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला बदल नुसता सांगितला. एका गटाने प्रतिनिधी निवडून बदल ठरवण्यात भाग घेतला. आणखी दोन गटांत सगळ्यांनाच ठरवण्यात सामील केलं. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन सावरलंच नाही आणि 40 दिवसांत 17 टक्के कामगार सोडून गेले. सगळे सामील असलेले गट लवकर सावरले आणि आधीच्या पातळीच्या सुमारे 14 टक्के वर गेले. बदल साधारण सारखाच होता. तो ठरवताना विचारलं कुणाला, एवढाच फरक.

हे ऐकल्यावर मॅनेजरने प्रकरणाचं नाव स्वतःच खोडलं. पुढच्या महिन्यासाठी त्याने दोन गोष्टी ठरवल्या. एक, बिघाडाची वही अण्णांच्या हाती द्यायची. कोणत्या मागाचं काय झालं, कशाने सुटलं हे मुलांनी अण्णांना सांगायचं आणि अण्णांनी लिहून घ्यायचं. दुसरी, उरलेले माग कुठे आणि कसे लावायचे यावर अण्णा आणि चार विणकरांशी मालकासमोर बोलायचं.

दुसरी गोष्ट एका बैठकीत जमली नाही, मालकाला पटवायला वेळ गेला. दोन मुलं तरीही सोडून गेली. पण वहीच्या निमित्ताने अण्णा रोज मागांपाशी उभे राहू लागले, आणि ताण्याचा धागा वारंवार तुटतोय तो मागामुळे नव्हे तर खळ नीट लागत नसल्याने, हे त्यांनीच पकडलं. व्हिडिओ कॉलवरून ते दिसलं नसतं.

हे सगळे परदेशातले प्रयोग. आपल्याकडे माणसं वेगळी, नाती वेगळी. चालतं का?

प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर अहमदाबादेत मिळतं. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा ए. के. राइस कॅलिको मिलमध्ये काम करत होता. तिथे स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षेइतकं उत्पादन निघत नव्हतं. विणणारा वेगळा, कांडी बदलणारा वेगळा, धागा जोडणारा, तेल घालणारा, झाडणारा असे कितीतरी वेगळे. एकेकाच्या वाट्याला येणारी मागांची संख्याही वेगळी. त्यामुळे ठरावीक मागांची मिळून जबाबदारी घेणारी माणसं कुठेच नव्हती. ठरावीक मागांसाठी एक छोटा गट ही कल्पना पुढे येताच कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती उचलली आणि गट आपसात जुळवूनही टाकले. सुरुवातीच्या चढउतारानंतर उत्पादन वाढलं आणि खराब मालाचं प्रमाण घटलं. कापड गिरणी, भारतीय कामगार, मागाचं काम. सोलापूरकराला याहून जवळचं उदाहरण नको.

त्याच अभ्यासाचा पुढचा भाग मी मुद्दाम सांगतो. 1970 मध्ये राइसचा सहकारी एरिक मिलरने मिलमध्ये परत जाऊन पाहिलं. एका ठिकाणी गटाची पद्धत टिकली होती, इतरत्र ती झिजत गेली होती. बदल करून सोडून दिला की टिकत नाही, तो सांभाळावा लागतो. आमच्या गटांत आधीच्या प्रकरणाचा पाठपुरावा हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, तो यामुळे.

नात्यांबद्दल म्हणाल तर ती अडचण खरी आहे. इथे सुपरवायझर आणि कामगार एकाच पेठेतले, एकाच समाजातले, कधी एकाच घरातले असतात. पण त्या नात्यांवरही गटात प्रश्न विचारता येतात. शाखाधिकाऱ्याच्या मामांचं प्रकरण त्याच प्रकारचं होतं.

चर्चा कोणत्या भाषेत?

ज्या भाषेत भांडण झालं त्या भाषेत. मराठी, तेलुगू, कन्नड, दख्खनी, जे असेल ते. मांडणाऱ्याने संवाद मूळ भाषेतच म्हणून दाखवावा, मग मराठीत अर्थ सांगावा. इंग्रजीत प्रकरण मांडलं की माणसं गायब होतात आणि 'कम्युनिकेशन गॅप' उरते.

आमच्याच धंद्यातला माणूस गटात असेल तर?

एका गटात थेट स्पर्धक नकोत. भाव, गिऱ्हाईक, ऑर्डर हे विषय बैठकीत आणायचेच नाहीत. माणसांची नावं बदलून बोलायचं आणि कागद बैठकीनंतर मांडणाऱ्याकडेच परत द्यायचा. व्हॉट्सॲपवर फक्त तारीख आणि जागा. सोलापूर मोठं असलं तरी ओळखीपाळखी दाट आहेत. एक गोष्ट बाहेर गेली की गट संपला असं समजा.

मालकांना घ्यायचं का?

त्यांच्या स्वतःच्या मॅनेजरच्या गटात कधीच नाही. मालकांचा वेगळा गट करा, त्यांनाही बरोबरीचं माणूस हवंच असतं. एकाच साखळीतले वरचे-खालचे एका खोलीत बसले की चर्चेची आढावा बैठक होते.

रुग्णालयात किंवा शाळेत याचा उपयोग आहे?

नक्कीच, कधी कधी जास्तच. व्यवस्थापनाच्या अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसनने 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या तुकड्यांत चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या तुकड्यांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथल्या परिचारिका चूक झाली तर बोलत होत्या, बाकी ठिकाणी दडपत होत्या. आपल्या वॉर्डाचं चुकांचं रजिस्टर कोरं असेल, तर ते कशामुळे कोरं आहे हा प्रश्न प्रत्येक प्रशासकाने गटात आणावा.

सूत्रधार हवाच का?

पहिले काही महिने हवा. त्याचं काम वेळ पाळणं, सल्ला अडवणं आणि जो बोलत नाही त्याच्याकडे वळणं. पुढे ही जबाबदारी आळीपाळीने घ्यावी. सूत्रधाराकडेच सगळे बघून बोलायला लागले तर तो प्राध्यापक झाला, त्याला एक महिना सुट्टी द्या.

एकच जण सारखा बोलत असेल तर?

प्रत्येकाने आधी आपला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, मग फेरीने वाचायचा. एवढ्याने बहुतेकदा भागतं.

कोणती प्रकरणं गटात आणू नयेत?

लैंगिक छळाची तक्रार इथे आणायची नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तक्रार तिथेच जायला हवी. कोर्टात असलेला वाद, पगार किंवा पीएफ थकवल्याचा प्रश्न, धोकादायक यंत्र हेही चर्चेचे विषय नाहीत. उघडा पट्टा दिसत असेल तर गार्ड आजच बसवा, महिन्याची बैठक कशाला हवी? आणि ज्या बाबतीत निर्णय आधीच झालेला आहे, फक्त त्यावर शिक्का हवा आहे, ते प्रकरणही आणू नका. सगळ्यांचा वेळ जातो.

फायदा झाला हे कसं कळणार?

मालक हे विचारणारच, आणि त्यांनी विचारावं. माझ्या मते गैरहजेरी, नवीन मुलं किती टिकली, पुन्हा विणावा किंवा शिवावा लागलेला माल अशा आधीपासून नोंदल्या जाणाऱ्या दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवावी, नवीन फॉर्म तयार करू नयेत. पण आकडा बदलला तो गटामुळेच, असं छातीठोक सांगू नका. सुताचा भावही बदललेला असतो. त्याहून भरवशाची खूण वेगळी आहे. वर्षाच्या सुरुवातीला सदस्य प्रकरणाला नाव देतो 'कामगार ऐकत नाहीत'. काही महिन्यांनी तोच माणूस लिहितो, 'पाळी बदलताना मी दोघांनाही वेगवेगळं सांगतो'. वाक्यातला कर्ता बदलला की व्यवस्थापक घडायला लागलाय असं मी धरतो. पानं तारीख घालून जपून ठेवा म्हणजे हे दिसतं.

वेळ कुठून काढायचा?

पगाराचा आठवडा, दिवाळीआधीचा ऑर्डरचा हंगाम आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा टाळून वर्षाच्या तारखा एकदमच ठरवा. उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर बसा. बैठक शक्यतो आळीपाळीने एकमेकांच्या कामाच्या जागी ठेवा आणि सुरुवातीला अर्धा तास खात्यातून फिरून या. शिलाई विभाग पाहिलेला शाखाधिकारी जे विचारतो, ते ऑफिसात बसून सुचत नाही.

सुरुवात कशी करू?

चार माणसं मिळाली तरी पुरे. वेगवेगळ्या धंद्यातली, साधारण सारख्या जबाबदारीची आणि एकमेकांच्या हाताखाली नसलेली. पहिल्या बैठकीला भाषण नको, हार-तुरे नकोत. प्रत्येकाने गेल्या पंधरवड्यात ज्या संवादानंतर झोप लागली नाही तो दोन रकान्यांत लिहून आणायचा. चौघांचे कागद वाचून झाल्यावर ज्याचं प्रकरण अजून चालू आहे आणि पुढच्या महिन्यात ज्याला त्यात काही करता येण्यासारखं आहे, त्याच्यापासून सुरू करा.